माईंना विचारून सांगते

३ जून, मंगळवार
केतकीचा फोन. एक वर्ष म्हणून म्हसवडला कमलच्या शाळेत गेली होती, आता म्हणते अजून एक. "माईंनी नववी-दहावीचं गणित माझ्याकडे दिलंय." पुण्याच्या कंपनीला परत येणार नाही म्हणून कळवूनही टाकलंय.
मला आज कळलं. तिच्या बाबांना रविवारीच माहीत होतं. विचारलं तर दिलीप म्हणाले, तू चिडशील म्हणून बोललो नाही. मी चिडले नाही. भेंडी चिरत होते, चिरत राहिले.
सगळं जग कमलला माई म्हणतं. मी इथे कमलच लिहिणार. वही माझी आहे.

५ जून, गुरुवार
सातारच्या बी.एड.ला कमल आणि मी एका खोलीत होतो, हे आता कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे जरा वेगळं बघतात. "माईंच्या खोलीत?" जणू खोली तिची होती आणि मी पाहुणी.
पत्र्याची ट्रंक आणि आत घोंगडं, एवढं घेऊन आली होती. वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माण तालुक्यातून बाहेर पडायचे ते पाऊस लागल्यावर परत. ही मामाकडे राहून शिकलेली. 'पानी' म्हणायची, 'साळा' म्हणायची. पाठ घेताना पोरं हसायची. मीच रोज संध्याकाळी तिला समोर बसवून ण आणि श घोटून घेतला. वर्षअखेरीला वक्तृत्वात ती पहिली आली, मी दुसरी.
आता कीर्तनाला उभी राहिली की परत 'पानी', परत 'साळा'. आणि लोक रडतात.

१५ जून, रविवार
तासगावला गेले. केतकीला बघायला, कमलच्या कीर्तनाला नव्हे. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मांडव, तीनेकशे बाया. के. मागे टाळ घेऊन उभी. पांढरी साडी. पंचवीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर तो पांढरा रंग बघवेना.
कमल वाळलीय. वीणा तिच्यापेक्षा मोठी दिसते. मध्येच थांबली, म्हणाली, ज्यांना आपलं नाव काढता येत न्हाई त्यांनी हात वर करा. हात वर झाले. मग तिच्या शाळेतल्या पोरी उठून एकेकीशेजारी जाऊन बसल्या, ताटलीत पीठ पसरलं, बोट धरून पहिलं अक्षर. कीर्तन थांबलेलं. टाळ नाही, मृदंग नाही, नुसती कुजबुज. "अक्षर निघाल्याबिगर आरती न्हाई," ती म्हणाली आणि खरंच खाली बसून राहिली. शेजारची म्हातारी मला सांगत होती, बाई दरवेळी असंच करती.
प्रौढशिक्षणाचे वर्ग मी सहा वर्षं घेतले. बोलावणी पाठवूनही बाया यायच्या नाहीत.
के. एका आजीचं बोट धरून बसली होती. कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ. मी तिसऱ्या रांगेत होते. एकदाही बघितलं नाही तिने.
शेवटी कमलनं माझ्याकडे हात करून सांगितलं, ही माझी मैत्रीण सुनंदा, हिनं मला बोलाया शिकवलं. सगळ्या माना वळल्या. दोघीतिघी पाया पडल्या. माझं होतं तेच तिने प्रसादासारखं माझ्या हातावर ठेवलं, आणि मी हसून घेतलंही.

२९ जून, रविवार
के. फोनवर गोष्ट सांगत होती. सांगली भागातल्या कुठल्याशा गावात फार पूर्वी माईंचं कीर्तन लावलं, तर तिथल्या काही लोकांनी बाईमाणसानं त्या जागी उभं राहू नये म्हणून ऐन वेळी माईक बंद केला. माई बिनमाईकच्या बोलल्या, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं, आणि माईक बंद करणाराच नंतर पायावर येऊन पडला. "तुला माहितीये का हे, आई?"
माहितीये. मी तिथे होते. तुला घेऊन आले होते, तू दोन महिन्यांची होतीस. माईक बंद झाला आणि तू रडायला लागलीस, म्हणून मी तुला घेऊन बाहेर, बैलगाड्यांपाशी. परत आत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.
हे तिला सांगितलं नाही. "असं का," म्हटलं.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा
के.च्या स्टेटसला कमलच्या पायांचा फोटो. भेगाळलेल्या टाचा, वर फुलं. खाली लिहिलंय: 'जिने मला घडवलं.'
मला दिवसभरात विद्यार्थ्यांचे अकरा मेसेज. नऊ जणांनी एकच चित्र पाठवलंय, तोच दिवा, तेच कमळ.
एकतीस वर्षं शिकवतेय. आणि सुरुवातच मुळी... सातारच्या शाळेत आम्ही दोघींनी अर्ज केला होता. तिला घेतलं. दोन वर्षांनी तिने ती पक्की नोकरी सोडली, म्हसवडला देवळाच्या ओवरीत मेंढपाळांच्या पोरी गोळा करून बसली. भजन म्हणायची आणि भजनातून पाढे शिकवायची. लोक येडी म्हणायचे. आई-बाप मेंढरांमागे गेले की त्या पोरी तिच्याजवळच राहायच्या, त्यातून वसतिगृह झालं, मग शाळा. तिने सोडलेली जागा मला मिळाली. तिथूनच पुढे कराडचं ज्युनियर कॉलेज. म्हणजे माझं घर, माझा पगार, सगळं तिने टाकून दिलेल्यावर उभं आहे. दिलीपना हे एकदा बोलून दाखवलं होतं. म्हणाले, काहीतरीच तुझं. पोस्ट खाली झाली, तुझी पोस्टिंग झाली, खतम.
फौजेतून रिटायर झालेल्या माणसाला सगळं पोस्टिंगच वाटतं.

२० जुलै, रविवार
सांगलीचं स्थळ. मुलगा जनावरांचा डॉक्टर, स्वभावाने शांत, आई-वडील साधे. मला आवडलं. के.ला फोन केला, फोटो पाठवला. नको म्हणाली असती तरी चाललं असतं. म्हणाली, "माईंना विचारून सांगते."
मी म्हटलं, मला विचारलंस तरी चालेल.
मग, "तसं नाही गं."
कसं मग, ते नाही सांगितलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
के.ला डेंग्यू होऊन गेला. होऊन गेला. आठ दिवस ताप, दहिवडीच्या दवाखान्यात सलाइन, आणि मला आज सकाळी फोन: आता बरी आहे, काळजी करू नको.
दिलीपनी गाडी काढली, वडूजमार्गे गेलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. गेलो तर के. कमलच्या खोलीत, कमलच्या कॉटवर. कमल खाली सतरंजीवर. हुलग्याचं माडगं फुंकून फुंकून पाजत होती. के. लहान मुलीसारखी तोंड उघडत होती. माझ्या हातचं आजारपणात ती काही खात नसे. तोंड फिरवायची.
मी कमलला बाहेर बोलावलं, शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी. म्हटलं, मला का नाही कळवलं?
"तीच नगं म्हणाली. आई घाबरंल म्हणाली."
"ती म्हणाली आणि तू ऐकलंस. मी आई आहे तिची."
"व्हय. चुकलंच माझं," ती म्हणाली. सरळ. पुढे सारवासारव नाही. मी भांडायला आले होते, तिने भांडण ठेवलंच नाही.
मग मी म्हटलं, तुला स्वतःचं नाही म्हणून माझं घेतलंस.
हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर बोललेच नाही असं मला वाटायला नको.
ती टाकीचा नळ घट्ट करत राहिली. नळ गळत नव्हता. मग म्हणाली, "मी तिला बांधून ठिवली न्हाई, सुनंदा. आत्ता नेतीस तर ने."
आत जाऊन के.ला म्हटलं, चल घरी. म्हणाली, घटक चाचणी तोंडावर आलीय, पोरींचं बुडेल. दिलीप म्हणाले, राहू दे, अशक्त आहे, रस्ता खराब आहे.
तिघे जण एका बाजूला. आलो परत.

१४ सप्टेंबर, रविवार
के.कडून कळलं: कमलच्या गळ्यात गाठ आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. आवाज राहील की नाही सांगता येत नाही म्हणाले.
पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहू का? आलं, की आता कीर्तन बंद. त्यानंतर वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नंतर.
के. रडत होती. मग म्हणाली, ट्रस्टचे लोक पुढचं बघतायत, माईंच्या मागे गादीवर कोण. तिने स्वतःचं नाव घेतलं नाही. पण तिचा आवाज मी ओळखते. बारावीत कॉलेजात पहिली येईन असं वाटत होतं तेव्हा अशीच बोलायची, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखी.
गादी म्हणजे जन्मभर तिथे. लग्न नाही. पांढरी साडी.

१८ सप्टेंबर, गुरुवार
तात्या आले होते. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, कमलच्या ट्रस्टचे अध्यक्ष. जूनमधलं कीर्तन त्यांच्याच शेडमध्ये होतं. दिलीप कारखान्यावर ड्यूटीला. चहा दिला. इकडचं तिकडचं झालं आणि मग, "बाई, आमच्या मनात केतकीताईंचं नाव हाय. घरच्यांची काय हरकत न्हाई न्हवं? पुढं लग्नाबिग्नाचं निघालं तर पंचाईत हुती, म्हणून ईचारतोय."
मी सांगितलं, लग्न ठरल्यातच जमा आहे. सांगलीचा मुलगा, जनावरांचा डॉक्टर.
ते म्हणाले, असं व्हय. बरं झालं ईचारलं.
मी कप उचलले. मुलाकडच्यांनी ऑगस्टमध्येच दुसरी मुलगी पसंत केली, हे मला माहीत होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
दिलीपना सांगितलं. जेवत होते, घास खाली ठेवला. "काडी घातलीस, सुनंदा." एवढंच. मग उठून अंगणात जाऊन गाडी धुतली. परवाच धुतली होती.
मी आई आहे. आईने एवढंही करू नये का.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
के. दोन दिवस आलीय. तात्यांचं तिला काही कळलेलं दिसत नाही. सोनं द्यायला शेजारी गेली तर सगळ्या बायका माईंची तब्येत विचारत होत्या. आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. केसांना तेल लावलं. खूप दिवसांनी. केस पातळ झालेत तापाने.
तेल लावताना एकदा सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात कमलचा फोन आला आणि ती उठून बसली, तेलकट केसांनीच गॅलरीत गेली. अर्धा तास.
नाही सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार
म्हसवडहून आत्ता आलो. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. कमल पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला जाणार, त्याआधी पुढच्या माणसाचं नाव सांगणार म्हणून गर्दी. के. पहिल्या रांगेत. मी दिलीपना म्हटलं, बघा, आता सुटेल पोरगी.
कमलनं वीणा दिली ती रुक्मिणीला. तिथलीच. तिसरीत असताना आई-बाप शाळेत सोडून मेंढरांमागे गेले ती मुलगी. आता बी.ए. झालीय, शेवटच्या वर्षाच्या गणितात दोनदा नापास, केतकीनंच शिकवून पास केली. काळी, ठेंगणी, वीणा खांद्यावर घेताना पदर सुटला तिचा.
मला जे हवं होतं ते झालं. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीत काय कमी आहे? इंजिनियर झालेली पोरगी, कंपनी सोडून आली, तापात मरता मरता वाचली तिथे. तिला डावलून ही? मी उभीच राहिले खुर्चीतून. दिलीपनी दंड धरून बसवलं. "तुलाच तर नको होतं," कानात म्हणाले.
के. टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या आधी सुरू केल्या, सगळ्यांच्या नंतर थांबवल्या.
परतीच्या वाटेवर एकच डोक्यात: हे माझ्या शब्दामुळे झालं, की तसंही झालंच असतं?

१६ नोव्हेंबर, रविवार
मिरज. ऑपरेशन उद्या. के. म्हणाली माईंनी तुला बोलावलंय, म्हणून गेले. स्वतःहून गेले नसते, असं लिहिते खरी.
खोलीत के. होती, रुक्मिणी होती. कमलनं दोघींना चहाला पाठवलं. आवाज फाटलेला, कुजबुजल्यासारखा. नुसती घसा धरून बसली होती. मग म्हणाली, "तात्यांनी सांगितलं मला, तू लग्नाचं बोललीस ते. केतकीला म्यां सांगितलं न्हाई."
मी खिडकीकडे बघत होते. म्हटलं, म्हणून वगळलंस तिला?
"न्हाई."
"मग?"
तिने पाणी मागितलं, घोट घेतला. "केतकीला समदं येतं. पर उभी राह्यली की ती माझ्यासारखं बोलती. हात बी माझ्यासारखं करती. तू तिला शुद्ध बोलाया शिकवलंस, आन् ती माझ्यासाठी अशुद्ध बोलाया लागली. रुक्मीला माझ्यासारखं जमतच न्हाई. ती तिचं तिचं बोलती."
मला तासगावची के. आठवली. खरंच, मान तशीच तिरकी करते. मी ते तेव्हाच बघितलं होतं आणि त्याचाच राग आला होता, पण हे कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. आणि माझ्या मुलीबद्दल हे तिने बोलून दाखवावं, मी नाही.
"तिला सांगितलंस?"
"सांगितलं. त्याच दिशी, नाव घ्यायच्या आधी."
म्हणजे के. टाळ्या वाजवत होती तेव्हा तिला माहीत होतं.
मग कमल म्हणाली, उद्या आवाज गेला तर शेवटचं बोलणं तुझ्याशी झालेलं बरं. पहिलं नीट बोलणं बी तुझ्यासंगंच शिकले. असलं बोलते ती. उशी सरळ केली तिची. निघताना म्हटलं, येते गं. बाकी काही नाही. माफी मागायला हवी होती का. टाकीपाशी बोलले त्याची तरी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाजाचं महिनाभर कळणार नाही, तोवर एक शब्द बोलायचा नाही.
दिलीप देवाला नारळ फोडून आले. मीही हात जोडले. नक्की कशासाठी ते देवालाच माहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
म्हसवडला रथाची यात्रा. के.नं व्हिडिओ पाठवला: रुक्मिणीचं पहिलं कीर्तन. अडखळते. एकदा ओळ विसरली तर सरळ म्हणाली, थांबा, घावंना मला, आणि लोक हसले, आणि मग ते हसणं तिचंच झालं. पिठाच्या ताटल्या आल्या. चांगलं बोलते पोरगी. मान्य करायला जड जातंय.
मागे के. टाळ घेऊन उभी. व्हिडिओ तीनदा बघितला. कुणीच बघत नाही असं वाटतं तेव्हा माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झालाय. हा चेहरा मी ओळखते. वक्तृत्वाच्या बक्षीस समारंभाच्या फोटोत मी दुसऱ्या क्रमांकावर उभी आहे, तो हाच.

७ डिसेंबर, रविवार
के. परवा आली. न सांगता, मोठी बॅग घेऊन. दोन दिवस नुसती झोपली, खाल्लं, बाबांबरोबर टीव्ही बघितला. कमलचा आवाज अजून नाही. के.नंही फोन केला नाही तिला.
आज संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो, दोघीच. पाणी कमी झालंय, दोन नद्या मिळतात तिथे मधला वाळूचा पट्टा दिसतो. भाजलेल्या शेंगा घेतल्या. मी ठरवून आले होते, आज तात्यांचं सांगायचं.
सांगितलं. सगळं, सांगलीच्या मुलासकट.
म्हणाली, "माहितीये. तात्यांनी दिवाळीत माझं लग्नासाठी अभिनंदन केलं." आणि शेंग सोलत राहिली. रागवली नाही. रागवली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, रुक्मिणी वाईट नाही आई. मीच तिला गणित शिकवलंय. ती पुढे उभी राहून बोलायला लागली की मी मागे टाळ वाजवते आणि मला वाटतं हिचा आवाज बसावा. देवासमोर उभी राहून असं वाटतं. माई गप्प आहेत, त्यांना हे सांगताही येत नाही. आणि सांगायचंही नाही त्यांना.
इतके दिवस वाटत होतं ही पोर पूर्ण कमलची झाली, माझं काही उरलं नाही हिच्यात. आणि हे उरलं होतं. नेमकं हेच. आनंद झाला मला. लाज वाटली आणि आनंद झाला, दोन्ही एकदमच.
ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुझं गेलं का गं कधी? माईंबद्दलचं?"
म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून ते विचारलं नाही.
जातं, असं सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण माझं गेलेलं नाही, आणि खोटं बोलले की तिला कळतं. नाही जात म्हटलं असतं तर ती त्या बॅगेसकट इथेच राहिली असती. तेही मला हवंच आहे की. मग मी गप्प का बसले?
वाट बघितली तिने. मग माझ्या दंडाला टेकून बसली.
घरी आल्यावर दिलीपनी विचारलं, उद्या सकाळी म्हसवडच्या गाडीला सोडू का हिला. के.नं माझ्याकडे बघितलं. अजून दारातून बघतेच आहे. मी आत येऊन हे लिहितेय.